मुरलेल्या पिठावरचे अंगठे

गुंजवण्याजवळच्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवायचो, तेव्हाची ही गोष्ट. बायको आणि मुलगी पुण्यात होत्या. मी एका मावशींच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. मावशी सत्तरीच्या, एकट्या. त्यांचं मूळ गाव धरणात गेलं होतं आणि हे सिमेंटचं घर त्यांना नंतर बांधून मिळालं होतं. मुलगी भोरला दिलेली.

माझ्या लेकीच्या वाढदिवसाला मी स्वतः चॉकलेट चिप कुकीज करून नेणार, असं कबूल करून बसलो होतो. छोटा ओव्हन घेतला. पहिले दोन घाणे पसरून पापडासारखे झाले. मोबाईलवर कुणीतरी सांगत होतं, की पीठ फ्रीजमध्ये मुरू द्यावं. किती दिवस, यावर मात्र एकमत नव्हतं. मग मी वर्गात शिकवतो तसा प्रयोग मांडला. एकाच वेळी मळलेल्या पिठाचे सारख्या वजनाचे सोळा गोळे करायचे. चार लगेच भाजायचे, चार एका दिवसाने, चार दोन दिवसांनी, चार तीन दिवसांनी.

गुरुवारी संध्याकाळी मैदा, बटर, साखर, थोडा गूळ आणि भोरहून आणलेल्या चॉकलेटचे तुकडे घालून पीठ मळलं. मावशी माळकरी, म्हणून अंड्याऐवजी दही घातलं. पहिले चार भाजले. ते पसरलेच. उरलेले बारा स्टीलच्या डब्यात घालून मावशींच्या फ्रीजमध्ये ठेवायला गेलो. माझ्याकडे फ्रीज नव्हता.

त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं.

"गुरुजी, हे असंच ठेवणार?"

"हो. तीन दिवस."

"असं गोल करून झाकून ठेवलं की पिंड दिसत्यात. आपलंच हाय म्हणून गेलेलं कुणी बी येतं. बोट उमटवा वरनं."

मी हसलो. गोळ्यांचा आकार बदलला तर प्रयोग बिघडेल, असं काहीतरी सांगितलं. त्यांनी झाकण लावून डबा आत ठेवला.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर डबा काढला. बारापैकी चार गोळ्यांवर अंगठा उमटला होता. फ्रीजमधलं पीठ दगडासारखं घट्ट असतं. इतका खोल ठसा उमटवायला बराच वेळ दाबून धरावं लागलं असणार.

मी विचारलं, "मावशी, तुम्ही बोट लावलंत का?"

"म्या न्हाई हात लावला. तुमची वस्तू, म्या कशाला लावू?"

त्या संकोचाने नाही म्हणत असतील, असं मला वाटलं. खुणेचे चारही गोळे मी भाजले. कालच्यापेक्षा कमी पसरले. ठसे वितळून नाहीसे झाले. तसं वहीत लिहिलं.

शनिवारी शाळा सकाळची. मुलांच्या वह्या तपासून परतलो तोवर दुपार कलली होती. उरलेल्या आठांपैकी चारांवर पुन्हा अंगठे. मी माझा अंगठा शेजारी धरून पाहिला. ठसा लहान होता, आणि टोकाला नख रुतलेलं. या वेळी मी डबाच मावशींपुढे धरला. त्यांचा चेहरा उतरला.

"हितं माझ्याबिगर कोन हाय, गुरुजी?" त्या हळूच म्हणाल्या, आणि जाऊन पुढच्या दाराला कडी लावली. दिवस मावळलेलाही नव्हता.

त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. मी कुकीज भाजल्या. कडा जाड राहिल्या, मध्ये पुसटसा खळगा दिसत होता.

रविवारी मी घरीच थांबलो. एप्रिल संपत आला होता. दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि बाहेर पाखराचाही आवाज येईना. माझ्या खोलीच्या दारातून मावशींचं स्वयंपाकघर दिसायचं. त्या फ्रीजजवळच चटईवर झोपल्या होत्या.

थोड्या वेळाने त्या उठल्या. डोळे उघडे होते. डोक्यावर पदर घेतला, फ्रीज उघडला, डबा मांडीवर घेऊन बसल्या आणि एका गोळ्यावर अंगठा टेकवून दाबत राहिल्या.

"हे मामंजींचं," त्या म्हणाल्या. मग दुसरा गोळा. "हे थोरल्या जाऊबाईंचं." तिसरा. "हे धाकलीचं."

आवाज पंगतीत वाढताना असावा तसा, नेहमीचा. मी दाराशी गेलो.

"मावशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती.

"पाणी वर आलं का हो?"

मी म्हणालो, "नाही आलं."

"तुमी कोणच्या घरातलं?"

"वरच्या आळीतला," असं काहीतरी बोलून गेलो.

"मग तुमचं बी करते," त्या म्हणाल्या, आणि चौथा गोळा घेतला.

मी हललो नाही. त्यांनी तो सावकाश दाबला, बाकीच्या तिघांहून दूर, डब्याच्या कडेला ठेवला, झाकण लावलं, डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि पुन्हा आडव्या झाल्या. चार वाजता उठून त्यांनी नेहमीसारखा चहा केला. "आज लई उकडतंय," म्हणाल्या. त्यांना काही आठवत नव्हतं.

मी त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "गाव सोडलं त्या दिवशी आईनं पीठ मळून परातीत झाकून ठेवलं होतं. टेम्पो आला, गडबडीत परात तिथंच राहिली. नंतर वर्षभरात घरातली तीन माणसं गेली. ती म्हणती, मी बोट न उमटवता तशीच ठेवून आले म्हणून गेली." दुसऱ्या दिवशी ती एसटीने येऊन आईला भोरला घेऊन गेली. डॉक्टरांनी म्हातारपणातला विसर म्हणून औषधं दिली. मावशी मुलीकडेच राहिल्या.

पण त्या रविवारी संध्याकाळी वीज आल्यावर मी शेवटचे चार गोळे भाजले होते. प्रयोग अर्धवट सोडवेना. कुकीज जराही पसरल्या नाहीत. रंग गडद तांबूस, वास खरपूस गुळाचा. चारही अंगठे होते तसेच, नखाच्या रेषेसकट. मावशींनी चहाबरोबर तीन खाल्ल्या. "ह्ये बरं झालंय," म्हणाल्या. ठशांबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

चौथी माझी होती. कागदात गुंडाळून मी ती धरणाच्या काठावर नेली. पाणी खूप खाली गेलं होतं, चिखलात एक जोतं उघडं पडलं होतं. कुकी फेकायला हात उचलला, पण फेकवेना. शेवटी तिथंच उभा राहून खाल्ली. चांगली लागली. घरी येऊन वहीत निकाल लिहिला: तीन दिवस मुरलेलं पीठ सर्वांत उत्तम. खाली सही केली.