सुट्टीतल्या मावशी

उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट मुलं बघतात, प्राध्यापक बघतात, एवढंच काय, मीही बघतो. पण सुट्टीत कॉलेजातच राहायला मिळतं म्हणून सुट्टीची वाट बघणारं माणूस मी एकच पाहिलं, ते म्हणजे मुलींच्या वसतिगृहातल्या मावशी. मी इथला वायरमन. दिवे, पंखे, पाण्याचा पंप, जे जे बंद पडेल ते माझ्या गळ्यात. मावशींचा आणि माझा संबंध पंख्यांवरून, म्हणजे भांडणावरूनच. "अरे वायरमन, तुझा हा पंखा वारा घालत नाही, नुसता तक्रार करतो," असं त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या. मीही काही कमी नव्हतो. "तुमच्याकडून शिकला," म्हणायचो.

वर्षभर मावशींच्या डोक्यावर वसतिगृहाच्या मोठ्या बाई असायच्या. उन्हाळ्यात त्या गावी जायच्या आणि मग सगळा कारभार मावशींचा. आमच्याकडे कुठकुठल्या देशांतून मुली शिकायला येतात. त्यांतल्या काहींना सुट्टीतही घरी जाणं जमत नाही, म्हणून हे एक वसतिगृह उन्हाळ्यातही उघडं ठेवतात. नियम असा की आत एक जरी मुलगी असली तरी कुलूप लावायचं नाही. आणि एकही नसली, तर इमारत बंद, मावशींनीही जिन्याजवळची आपली खोली सोडायची आणि कॉलेज उघडेपर्यंत जिथे जायचं तिथे जायचं. पण तशी वेळ कधी आलीच नव्हती. कुणी ना कुणी असायचंच.

या वर्षी नव्या प्राचार्या आल्या. चांगल्या होत्या, पण नव्या माणसाला सगळं हलवून बघायची हौस असतेच. एक दिवस त्या वसतिगृहात आल्या. सगळी दारं बंद, प्रत्येक मुलगी आपापल्या खोलीत, स्वयंपाकघरात जिचं तिचं पातेलं वेगळं. एकीची प्रार्थनेची वेळ तीच दुसरीची मोठ्याने गाणी लावायची वेळ, त्यावरून आदल्याच दिवशी जुंपली होती. प्राचार्या मावशींना म्हणाल्या, "एवढ्या थोड्या मुलींसाठी अख्खी इमारत चालवायची, तर इथे माणसं एकत्र राहतात असं दिसायला नको का? असंच चाललं तर बंद करावं लागेल."

मी तेव्हा शिडीवर होतो. प्राचार्या गेल्यावर मावशी म्हणाल्या, "खाली उतर. आता या पोरींना एकमेकींच्या गळ्यात बांधल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही."

आणि खरंच बसल्या नाहीत. वसतिगृहामागच्या पडीक जागेत त्यांनी भाजीचे वाफे घातले. कॉलेजात शिकणाऱ्या गावातल्या मुलींना सुट्टीत काहीतरी समाजाच्या उपयोगाचं काम करावं लागतं, त्या आयत्याच हाताशी आल्या. मागचा नळ उन्हाळ्यात आटतो, म्हणून पाणी मैदानावरच्या टाकीतून आणायचं, आणि बादल्या जुन्या लोखंडी, एकटीने उचलली तर खांदाच निखळावा. मावशींनी कायदा केला: एका बादलीला दोघी, एक परदेशातली आणि एक गावातली. जोडी कधी बदलायची नाही. "बादली दोघींनी धरली की बोलावंच लागतं," त्या मला म्हणाल्या. "थांब म्हणावं लागतं, हळू म्हणावं लागतं. नाही बोललं तर पाणी पायावर."

दोनचार दिवस पाणी पायांवरच सांडलं. मग हसणं ऐकू यायला लागलं. मग संध्याकाळी चेंडूचा खेळ, सकाळी पोहण्याच्या तलावावर गलका, आणि स्वयंपाकघरात एकच मोठं पातेलं. मी भिंतीवर चादर ताणून त्यांना सिनेमा दाखवला. कुणालाच सगळा कळला नाही आणि सगळ्या रडल्या. प्राचार्या येऊन बघून गेल्या आणि मावशींच्या पाठीवर हात ठेवून "शाब्बास" म्हणाल्या. मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यांनी मला चहाबरोबर दोन जादा बिस्किटं दिली, यावरून काय ते समजा.

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. कुरळ्या केसांची एक मुलगी होती, तिची जोडीदारीण पोस्टमनची मुलगी. ती एक दिवस मावशींना म्हणाली, "मावशी, ही इथे एकटी कशाला राहते? मी आईला विचारलं. सुट्टी संपेपर्यंत आमच्याकडेच राहू दे." कुरळीने आपल्या घरी फोन लावला, घरच्यांनी हो म्हटलं, आणि ती गेली. मावशींनी तिला डबा करून दिला. पाठोपाठ दुसरी गेली, शिक्षिकेच्या घरी. तिसरीला तर जोडीदारणीची आजीच न्यायला आली. दारात उभी राहून म्हणाली, "आमची नात म्हणते, हिच्याशिवाय मला करमत नाही. मग काय, दोघींना सांभाळते." मावशी हसल्या, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

बाकीच्यांना धरून ठेवायला त्यांनी काय काय केलं, ते आठवलं की आता हसायला येत नाही. रोज नवा बेत. पोहण्याची शर्यत, गाण्यांची संध्याकाळ, गच्चीवर झोपायचं. "टोमॅटो लाल होईपर्यंत तरी थांबा गं," म्हणून विनवण्या. शेवटी त्यांनी स्वतःचाच कायदा मोडला आणि जोड्या बदलल्या. ज्यांचं पटत नाही त्यांना मुद्दाम एका बादलीला लावलं. दोन दिवस भांडल्या, तिसऱ्या दिवशी त्यांचीही गट्टी जमली आणि पुढच्या आठवड्यात तीही जोडी बॅग घेऊन बाहेर पडली. मावशी मला म्हणाल्या, "वायरमन, भांडण लावायचंसुद्धा जमत नाही रे मला." मी म्हटलं, "माझ्याशी तर झकास जमतं." त्या हसल्या नाहीत.

राहता राहिली अबोली. हे नाव मावशींनीच ठेवलेलं, कारण ती बोलायचीच नाही. बोललीच तर मोडकंतोडकं बोलायची आणि सगळ्यांना, अगदी प्राचार्यांनासुद्धा, 'तू' म्हणायची. तिच्या गावात लढाई सुरू झाली होती. घरचा फोन लागत नव्हता. जेवण झालं की ती जिन्यावर बसून फोन लावायची, कानाला धरून ठेवायची, खाली ठेवायची, पुन्हा लावायची. मावशी तिच्याजवळ बसायच्या, केसांतून हात फिरवायच्या. एकदा ती आत गेल्यावर मला म्हणाल्या, "मी फार वाईट बाई आहे रे. तिचा फोन लागला नाही की मला बरं वाटतं. लागला तर ती जाईल ना."

मी पेचकस पिशवीत टाकला आणि निघालो.

अबोलीची जोडीदारीण बेकरीवाल्याची मुलगी, बोलण्याची मशीन. ती रोज यायची, दोघी वाफ्यांना पाणी घालायच्या, आणि ही तिच्या वाटणीचंही बोलायची. एका दुपारी मी मावशींच्या खोलीतला पंखा उतरवत होतो, तेव्हा ती धावत आली. "मावशी, अबोलीला आमच्याकडे नेते. बाबा म्हणाले, आमच्या वरच्या खोलीत राहील. भट्टीजवळ चार माणसं असतात, बोलणंचालणं होईल. इथे ती वेडी होईल हो."

मावशी उठून उभ्या राहिल्या. "नाही जमणार," त्या म्हणाल्या. "परदेशी मुलींना घरच्यांच्या परवानगीशिवाय बाहेर राहता येत नाही. नियम आहे."

असा नियम मी माझ्या हयातीत ऐकला नव्हता. पण आधीच्या सगळ्या मुली घरी विचारूनच गेल्या होत्या, त्यामुळे पोरीला ते खरं वाटलं. तिने जाऊन अबोलीला सांगितलं. आणि मग जे झालं ते मावशींच्याही मनात आलं नसेल. आता अबोलीला नुसती खुशाली नको होती, परवानगीही हवी होती. ती सकाळपासून फोन लावायला लागली. वाफ्यांकडे फिरकेना. ताट पुढे ठेवलं तर घास हातात धरून बसायची. एवढी मोठी इमारत, सगळ्या खोल्यांना कड्या, आणि जिन्यावर ही एकटी. बेकरीवाल्याची मुलगी फाटकापर्यंत येऊन तिला पाव देऊन जायची.

चारपाच दिवस मी बघितलं. मग मला राहवेना. माझा स्वभाव तापट, आणि पोटात एक, ओठात एक ठेवणं मला जमत नाही. मी मावशींना स्वयंपाकघरात गाठलं. "मावशी, त्या पोरीला तुम्ही कोंडून ठेवलंय. ज्या घरात फोन उचलायला कोणी उरलंय की नाही देव जाणे, त्या घरची परवानगी मागताय? लाज नाही वाटत?"

"वाटते," त्या म्हणाल्या. "फार वाटते. पण मग मी कुठे जाऊ? तू सांग ना, मी कुठे जाऊ?"

"भावाकडे जा. मुलींना एवढं कौतुकाने सांगता, भावाचं घर, अंगण, अंगणात झाड."

"झाड आहे. पण झाडाला विचारून राहता येतं का?" त्यांनी हातातलं फडकं दोन्ही मुठींत पिळलं. "भाऊ गेला रे. कधीच गेला. वहिनी दारात उभी राहते आणि आधी माझ्या पिशवीकडे बघते. पिशवी मोठी दिसली की विचारते, किती दिवस? मी पाणी पिऊन परत येते. मी पोरींना खोटं सांगितलं, कारण त्या विचारतात. प्रत्येकजण विचारतो, मावशी, तुमचं घर कुठे? काय सांगू त्यांना? जिन्याखाली?"

'मग माझ्याकडे चला' म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. आमची एकच खोली. त्यात मी, बायको, दोन पोरं आणि माझ्या आईची खाट. आई रात्री खोकली तरी सगळे जागे होतो. मावशींनी माझं उघडलेलं तोंड पाहिलं, आणि मिटलेलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच बेकरीवाल्याच्या मुलीला बोलावलं. "ने तिला," म्हणाल्या. "नियम बदलला." एवढंच. अबोलीची बॅग त्यांनीच भरली, कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. फाटकाशी अबोली त्यांच्या गळ्यात पडली, आणि इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदाच सलग दोन वाक्यं म्हटली. "आता तू पण जा, मावशी. भाऊ तुझी वाट बघत असेल."

"बघतोय ना," मावशी म्हणाल्या. "उद्याच निघते."

वसतिगृह रिकामं झाल्याचं ऑफिसात कळायला वेळ लागला नाही. दुपारी कारकुनाने मला किल्ली दिली. "विजेचा मेन ओढ, कुलूप लाव आणि किल्ली आणून दे. मावशी गेल्या असतील, तरी सगळ्या खोल्या बघून घे."

मी सगळ्या खोल्या बघितल्या. वरच्या, मधल्या, मग जिन्याजवळची. मावशी खाटेवर बसल्या होत्या. पायाशी पिशवी भरलेली होती. मला वाटलं, निघाल्या. मग कोपऱ्यात पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप दिसलं. पंप बंद झाल्यावर नळाला पाणी येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. खिडकीला आतून जुनी चादर लावली होती.

"तू तुझं काम कर," त्या म्हणाल्या. "मेन ओढ. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लाव. मागच्या दाराला आतून कडी आहे, माझं मी बघते."

"मावशी, वेड लागलंय का? उन्हाळा आहे. पंखा नाही, दिवा नाही. आजारी पडलात तर कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"तुला कळेल."

"मी प्राचार्यांना सांगतो. चांगल्या आहेत, काहीतरी सोय करतील."

"आणि त्या विचारतील, तुमचं कोणी नाही का? मग मी काय सांगू? सगळ्या कॉलेजला कळेल, मुलींना कळेल. अबोलीला कळलं तर ती बॅग घेऊन परत येईल. येईल की नाही? सांग." त्यांनी माझा हात धरला. "कुणाकडे काही मागितलं नाही रे आजवर. तुझ्याकडे मागते. तू मला पाहिलं नाहीस, एवढंच म्हण."

मी बाहेर गेलो, मेन ओढला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती इमारत गप्प झाली. मग कुलूप लावलं आणि ऑफिसात गेलो.

कारकून फाइलीने वारा घेत होता. "आत कोणी राहिलं नाही ना?"

"कोणी नाही," मी म्हणालो. त्याने किल्ली खिळ्याला अडकवली.

मी वळसा घालून मागच्या बाजूला गेलो आणि चादर लावलेल्या खिडकीपाशी उभा राहिलो. मावशींनी चादरीचा कोपरा उचलला. डोक्यावर ओला टॉवेल, चेहरा घामाने निथळत होता.

"विश्वास बसला त्यांचा?" त्यांनी हळूच विचारलं.

"बसला."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू कोसळलं. पहिला हुंदका मोठ्याने बाहेर पडला. मग आत कोणी नाही हे आठवून त्यांनी घाईघाईने डोक्यावरचा टॉवेल ओढला आणि त्याचा बोळा तोंडात कोंबला.