विजेता, बुवा आणि आमचे साडू

आमच्या थोरल्या साडूंइतकं आयुष्य उभ्याने काढलेला माणूस सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात दुसरा नसेल. लग्नात पंगतीला बसले, की भात येण्याआधीच वाढायला उठतात. तिगावला गाडी यायला तास असला तरी फलाटावर येरझारा घालतात, जणू ते थांबले तर गाडीही थांबेल. संत्र्याला बहार धरायचा तर पाणी तोडून बाग ताणावर सोडावी लागते आणि मालकाने गप्प बसावं लागतं. साडूंना नेमकं तेच जमत नाही. पानं मलूल दिसली की मोटार चालू करतात. मग शेजाऱ्यांच्या बागा फुलांनी पांढऱ्या होतात आणि यांची नुसती हिरवीगार. 'तहानलेलं झाड पाहून बसून राह्याले मी का दगड हाव?' असं वर मलाच विचारतात.

ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, मोठं दुखणं निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी आता फारसं करण्यासारखं नाही असं सांगितलं, तेव्हापासून तर साडूंच्या पायाला भिंगरीच लागली. आज बोरगावचा वैद्य, उद्या डोंगरातली जडीबुटी, परवा कुणाच्या तरी मामाचा काढा. ताईंचं मागणं एवढंच होतं, 'घडीभर माह्याजवळ बसत जा.' ते मान हलवायचे आणि गाडीला किक मारायचे. मला त्यांचा राग यायचा.

अशात त्यांना कुणीतरी एका सिनेमाचं सांगितलं. अर्धी पृथ्वी जिंकलेला राजा म्हातारपणी चीनमधल्या एका ताओपंथी बुवाला न मरण्याच्या औषधासाठी बोलावून घेतो. साडूंना एवढं पुरे झालं. रविवारी दुपारी मला पांढुर्ण्याहून बोलावून घेतलं, ताईंची खाट टीव्हीसमोर ओढली आणि वही-पेन घेऊन तिच्या कडेला बसले. औषध लिहून घ्यायचं होतं.

सिनेमा भिकार निघाला. दीड तास नुसते घोडे. तंबू पेटायचे, राजा डोळे वटारायचा आणि पुन्हा घोडे. मोठी लढाई झाली तेव्हा साडू म्हणाले, 'याच्याहून जास्त डोके तं आपल्या गोटमारीत फुटते, पांढुर्णा-सावरगावात.' पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार. बुवा तिकडे बर्फातून चालतच होता. 'हा पायदळ काहाले येऊन राहिला? कवा पोचन?' चारदा ते उठू पाहत होते आणि औषध हुकेल म्हणून पुन्हा टेकत होते.

शेवटी बुवा पोचला. राजाने औषध मागितलं. बुवा म्हणाला, तसं औषध नसतं, आहे तेवढं आयुष्य जपा. लगेच नावं वर सरकू लागली.

'मंग इतक्या दुरून आला काहाले?' साडू कोऱ्या वहीकडे बघत म्हणाले.

ताईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. 'आला न पन,' त्या म्हणाल्या. 'बसला राजाजवळ.'

साडू उठले नाहीत. मीच चहाचं निमित्त करून आत गेलो.

ताई पोळ्याच्या आधीच गेल्या. परवा सौंसरला गेलो तर टीव्हीवर तेच घोडे दौडत होते.

'पुन्हा हाच?' मी म्हटलं. 'इतका भिकार सिनेमा?'

'भिकारच हाय, साडूभाऊ,' ते म्हणाले. 'पन आमी दोघाईनं जोडीनं पुरा पाहेला तो येवढाच.'