झुंबरबाईंनी पोट चोळलं नाही

वडीगोद्रीत कुणाचं पोट दुखलं की दवाखान्याच्या आधी झुंबरबाईंचा ओटा. बेंबी सरकली असेल तर त्या तेलाचा हात लावून ती जागेवर आणतात, असा सगळ्यांचा विश्वास. मी बी.ए. झालेली, या प्रकाराला हसायची. पण १९९४च्या हिवाळ्यात माझ्या शरयूचं पोट दुखायला लागलं, तेव्हा मीच तिला त्या ओट्यावर नेलं.

तिला तेरावं लागलं होतं. मला वाटलं, पहिली पाळी येणार असेल. सकाळी ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. दुपारपर्यंत ती कमरेत वाकून चालू लागली. हे नोकरीनिमित्त जालन्यात, घरी मी एकटी.

"जरा चोळून द्या, मावशी."

झुंबरबाईंनी तेलाची वाटी ओढली, पण बोट बुडवलं नाही.

"आधी कुठं दुखत व्हतं, बाय?"

शरयूने बेंबीपाशी हात ठेवला.

"अन् आता?"

हात उजवीकडे, खाली गेला.

"जेवलीस का?"

"नको वाटतंय. दोनदा उलटी झाली."

मग त्यांनी तिला उजव्या पायावर उडी मारायला सांगितलं. शरयूने टाच उचलली आणि ओठ दाबून खालीच बसली.

झुंबरबाईंनी वाटी लांब सारली. "म्या हात लावत न्हाई. जल्दी जालन्याला न्या."

"पाळीचं असेल हो. थोडं चोळून तर बघा."

"तुमी कालेजात शिकल्या, बाई. म्या पुतण्याच्या पोटावर शिकले." पाच वर्षांपूर्वी त्यांनी बद्रीनाथचं असंच दुखणारं पोट चोळलं होतं. आतलं अपेंडिक्स फुटलं, तो वीस दिवस दवाखान्यात होता. "डागदर लई बोलले मला. मंग म्या म्हन्लं, बोलून झालं आसंल तर वळखायचं कसं, ते बी सांगा."

आता बद्रीनाथ जीप चालवायचा. त्यांनी त्यालाच हाक मारली. अंबडच्या पुढे रस्ता उखडलेला होता.

"खड्ड्यात हळू घेतो, वैनी. कसं लागतंय ते मला ठाव हाय."

जालन्याच्या डॉक्टरांनी पाळीचं विचारलं, लघवी तपासली, पोट दाबून पाहिलं. मग म्हणाले, "कुणी चोळलं तर नाही ना?"

"नाही."

त्याच रात्री ऑपरेशन झालं. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, "खूप सुजलं होतं, पण फुटलं नव्हतं. वेळेवर आणलंत." वेळेवर कुणी पाठवलं, तेही मी त्यांना सांगितलं.

टाके निघाल्यावर झुंबरबाई घरी आल्या. "दाव गं." व्रणाजवळ बोट धरून म्हणाल्या, "बराबर इथंच." मग शरयूची हनुवटी हलवली. "तुझी एक उडी राह्यली हाय माझ्याकडं."

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. शरयू शाळेतून घरी न येता आधी त्या ओट्यावर गेली आणि उजव्या पायावर तीन उड्या मारून आली.