फ्लेक्सवरून उतरलेला फोटो

यंदाच्या मेळ्याला प्रायोजक शोधायचाय, तू चल, असा निरोप आला तेव्हा मी सरळ सांगितलं, माझ्याच्यानं होणार नाही. मेळ्यात भजी तळीन, खुर्च्या उचलीन, म्हणाल तर गुडघे दुखेपर्यंत नाचीन. पण कंपनीच्या माणसासमोर बसून "आम्हीही माणसंच आहोत हो" हे पुन्हा हसतमुखानं सांगायचं? नको बाई. जीव विटलाय.

आमचा मेळा म्हणजे जळगावातल्या एका रस्त्यावरची रविवारची संध्याकाळ. समलिंगी पोरं, तृतीयपंथी, माझ्यासारख्या बाईबरोबर संसार करणाऱ्या बाया, शिवाय धुळ्याहून, भुसावळहून जे कोणी यायचं धाडस करतील ते. पहिल्यांदा आम्ही घरूनच सतरंज्या आणल्या होत्या आणि मजाही आली होती.

गेल्या वर्षी कपाशीचं बियाणं विकणारी एक कंपनी आपण होऊन चालत आली. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, वर्षानुवर्षं तेच बियाणं पेरत आलेले. कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून फर्मान सुटलं होतं म्हणे, की यंदा या समाजासाठी काहीतरी करा. इथला साहेब बिचारा अवघडलेला. "तुमचं ते कधी आहे?" असं विचारायचा. 'ते'च्या पुढे त्याची जीभ कधी गेली नाही. पण मंडप, स्पीकर, फ्लेक्स सगळं आमच्याकडून, म्हणाला, आणि आम्ही हुरळलो.

घोळ झाला तो फ्लेक्सचा. फ्लेक्सवाल्याचा हात बसलेला पुढाऱ्यांच्या वाढदिवसांवर. डिझाइन दाखवायला त्यानं आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. सप्तरंगी पट्टा, मेळ्याची माहिती, कंपनीचं नाव हे एवढं मोठं. आम्ही ठीक म्हटलं. छापताना त्याला खालची जागा मोकळी दिसली. आता आपल्याकडे फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांची तोंडं नसली तर छापणाऱ्याला अन्न गोड लागत नाही. त्यानं ग्रुपमधल्या प्रत्येकाचा फोटो उचलला, गोल कापला आणि ओळीनं लावून दिला, खाली आडनावासकट नाव. माझा फोटो मावसभावाच्या लग्नातला, हिरवी साडी आणि नाकात नथ. आणि लागला कुठे, तर बसस्टँडसमोर, जिथं आमच्या गावाकडची, पाचोऱ्याची बस वळते. कप्पाळ माझं!

"ताई, मी तर मानानं लावले," फ्लेक्सवाला म्हणाला. "चेहरे नसले तर लोक बघतील कशाला?" त्याला खरोखरच काही चुकलंय असं वाटत नव्हतं.

नानांना काही माहीत नव्हतं. लेक लॅबमध्ये रक्त काढते आणि शाळेतल्या एका बाईबरोबर खोली घेऊन राहते, एवढंच. गावात तिला माझी 'रूमवाली' म्हणतात. इतक्या वर्षांचा आमचा संसार, पण नाना मुक्कामाला आले की दोन गाद्या लांब लांब पडायच्या. आई गेलीये. माहेर म्हणजे एकटे नाना. त्यांना कळलं की ते माहेर संपलं, हे मी धरूनच चालले होते.

साहेबाला फोन करून करून थकले. "बघतो मॅडम, वरून परवानगी लागेल." फ्लेक्स काही हलेना. मग बियाण्याच्या दुकानदारांनी ओरड केली, गिऱ्हाइकं विचारतात, कंपनीनं हे काय नवीन काढलंय? दुपारी ओरड झाली आणि संध्याकाळी फ्लेक्स उतरला. त्या जागी नवा लागला. कंपनीचं नाव सात रंगांत, खाली 'सगळ्यांसोबत, सदैव'. आमचे चेहरे गेले आणि मेळा कुणाचा तेही गेलं. बघणाऱ्याला वाटावं, होळीची सूट चालू आहे.

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. आणि तसं वाटलं याचीच इतकी चीड आली की घरी जाऊन भांडी आपटली. "भांड्यांनी काय केलंय तुझं?" रूमवालीनं विचारलं.

मेळ्याच्या आदल्या दिवशी नानांचा फोन आला, "बाई, स्टँडवर ये." गेले तर नाना आणि काका त्या नव्या फ्लेक्सखाली माना वर करून उभे. पहिला फ्लेक्स होता तेव्हा नाना औषधाला येऊन गेले होते आणि त्यांनी बसच्या खिडकीतून माझा फोटो पाहिला होता. बस वळेस्तोवर त्यांना दिसलं ते लेकीचं तोंड आणि आपल्या बियाण्याच्या कंपनीचं नाव. झालं! गावभर सांगितलं, आणि आज काकांना दाखवायला घेऊन आले होते.

"आठेच व्हता," ते काकांना सांगत होते. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुना फोटो कोठे गया?"

वाऱ्यानं फाटला, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण मी फार थकले होते हो, त्या साहेबाला, त्या गाद्यांना, सगळ्यालाच. काका पान खायला गेले तेवढ्यात मी नानांना रसवंतीच्या बाकावर बसवलं आणि सांगून टाकलं. "ती माझी रूमवाली नाही, नाना. तीच माझा संसार आहे. हा मेळा आमच्यासारख्यांचा. लोकांना ते चाललं नाही, म्हणून कंपनीनं आमचे फोटो उतरवून टाकले."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रस तसाच राहिला. काका आले तसे ते उठून बसकडे निघाले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी मेळा झाला. कंपनीच्या नावाच्या टोप्या घालून आम्ही नाचलो. साहेबाला शाल-श्रीफळ दिलं, वर टाळ्याही आम्हीच वाजवल्या.

नाना त्यानंतर आमच्याकडे आलेले नाहीत. फोनवर तब्येत विचारतात आणि ठेवून देतात. पेरणीच्या दिवसांत मात्र काकांचा फोन आला, जरा वैतागलेला. "तुझ्या बापाचं डोकं फिरलंय का गं? सगळी हयात एक बियाणं पेरलं, आणि यंदा पिशवी परत करून दुसऱ्याच कंपनीचं घेतलं. दुकानदारानं विचारलं का, तर म्हणे, त्यासनी मनी पोरले उतारी टाकं."

त्यांनी माझ्या पोरीला उतरवून टाकलं, असं नाना म्हणाले होते. काका तिकडून हॅलो हॅलो करत राहिले आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ढसाढसा रडले.