सगळ्या थांब्यांवर एकच म्हैस
सकाळची बस आमच्या फाट्यावर थांबत नव्हती. बहीण अकरावीत, तिचा पहिला तास रोज बुडायचा. बाबा म्हणाले, "असंच चाललं तर घरीच राह्य म्हणा तिले." माझं डोकं फिरलं. बस थांबत नाही म्हणून पोरीनं शिकायचं नाही? हा कुठला न्याय?

पत्रकं मी ढिगानं काढली होती. "सर्व गावांवर अन्याय!" असं ठोकून द्यायचं. पण आगारातल्या साहेबाला पत्रक म्हणजे समोशाखालचा कागद. म्हणून या वेळी प्रोग्राम लिहिला. 'थांबा' नावाचा क्लास, म्हणजे साचाच; त्यातून मानोरा रस्त्यावरचा एकेक थांबा काढायचा. प्रत्येकाच्या प्रॉपर्टी: गाव, वेळ, तक्रारी. गावोगावच्या पोरींनी फोनवरून तक्रारी भरल्या. मी छापून ताठ मानेनं साहेबापुढं ठेवल्या.

साहेब वाचता वाचता हसत सुटले. "काय हो कार्यकर्ते, साऱ्याच निवाऱ्यांत म्हैस बांधली हाय? अन् तेबी एका शिंगाची?"

"जनतेची थट्टा करू नका!" मी गरजलो. मग कागद पाहिला. खरंच, प्रत्येक थांब्याखाली तीच यादी, तीच म्हैस.

घरी बहिणीनं कोड पाहिला. "दादा, तक्रारीची यादी तुनं क्लासातच ठेवली. साऱ्या थांब्यांले मिळून एकच झोळी! हरेकाले आपली आपली दे ना रे."

तसं केलं, पुन्हा चालवलं. आता प्रत्येक गाव आपलं दुखणं घेऊन वेगळं उभं राहिलं. कुठं वेळ चुकीची, कुठं पाटीच नाही. म्हैस उरली फक्त आमच्या फाट्यावर. खाली बहिणीनंच लिहिलेलं: "निवाऱ्यात एका शिंगाची म्हैस, म्हणून आमी बाभळीमागं. ड्रायव्हरले दिसत नाई."

एका शिंगाची म्हैस गावात एकच, आमच्या काकाची. आगारातच ओळखायला हवी होती, पण रागात शिंगं कोण मोजतं?

"घरी काहून नाई सांगितलं?"

"तू कधी इचारलं? तू तं सरकारशी भांडून राह्यला!"

मग मोर्चा काकाच्या दारात. काका म्हणाला, "साहेब सोडून माह्यावर काहून आला बे?"

"तुमची म्हैस पोरीले नापास करून राह्यली."

काका पोट धरून हसला. संध्याकाळी खुंटा हलला.

सकाळी पोरी निवाऱ्यात उभ्या राहिल्या. बस आली, जराशी पुढं गेली, कचकन थांबली. बहीण चढली. मागून मीही चढलो. बाकीच्या गावांचे कागद घेऊन आगारात जायचं होतं.