सरदाराची तसबीर

हैबतराव पिरंगुटच्या एका कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन होते. खरं तर पाळी सरदार करायचा, हैबतराव सोबतीला असायचे. सरदार म्हणजे त्यांचं तांबडं, एका कानाने पडकं कुत्रं. चोराची चाहूल लागली की सरदार भुंकायचा आणि त्या आवाजाने हैबतराव जागे व्हायचे, अशी कामाची चोख वाटणी होती.

२००४ साली कारखान्याच्या कॅलेंडरवर जुनी परदेशी चित्रं आली. कुठे राजा, कुठे झालरवाली बाई, आणि प्रत्येकाच्या पायाशी नाहीतर मांडीवर कुत्रं. राजांच्या चेहऱ्यावर पोट साफ न झाल्याची कळा, कुत्री मात्र घरच्यासारखी निवांत. हैबतरावांनी सगळे महिने जानेवारीतच उलटून पाहिले. त्या उन्हाळ्यात सरदार म्हातारपणाने गेला, तेव्हा त्यांनी ठरवलं, आपलीही तशीच तसबीर काढायची, सरदारासकट, आणि पुढच्या खोलीत लावायची.

त्यांच्या पत्नीने, रंभाबाईंनी, साफ नकार दिला. पुढच्या भिंतीवर देव होते आणि सासू-सासरे होते. त्या रांगेत कुत्रं बसणार नाही, हवं तर गोठ्यात लावा म्हणाल्या.

हैबतराव तरीही पौडच्या शरदचंद्र पेंटरकडे गेले. पेंटरचा हात निवडणुकीच्या उमेदवारांवर बसलेला, त्यामुळे चित्रात हैबतराव हात जोडून उभे राहिले. पायाशी बसलेला सरदार मात्र असा उतरला, की दुकानात शिरणारं गिऱ्हाईक आधी ‘हाड’ म्हणायचं.

तसबीर टेंपोतून भुकूमला घरी आली आणि घोटाळा झाला. आमच्याकडे एवढी मोठी तसबीर माणूस गेल्यावरच होते. ती पुढच्या खोलीत टेकवून हैबतराव परड्यात हातोडा शोधायला गेले, तेवढ्यात निम्मी आळी तोंडाला पदर लावून हजर. शेजारच्या गंगूबाई तर झेंडूचा हार घेऊनच आल्या आणि रंभाबाईंच्या गळ्यात पडल्या.

“कसं गं झालं? सकाळी तर दाढी करत हुते.”

एवढ्यात हैबतराव हातोडा घेऊन आत आले. रडणं जागच्या जागी थांबलं. रंभाबाई मात्र पेटल्या. गोष्ट कुंकवावर आली होती.

“डोळं फुटलं का समद्यांचं? माझं धनी जित्तं हायेत. गेलंय ते कुत्रं. हार त्याला घाला.”

“अगं, पर दोघं एकाच चौकटीत हायेत,” गंगूबाई रडवेल्या झाल्या. “निम्म्या फोटूला हार कसा घालू?”

रंभाबाईंनी नवऱ्याच्या हातातला हातोडा घेतला. सासऱ्यांच्या शेजारी दणादण खिळा ठोकून तसबीर टांगली. मग चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात दोन बारके खिळे मारून हार फक्त सरदारापुढे येईल असा अडकवला. एक फूल नवऱ्याच्या धोतरावर लोंबत होतं, तेही खुडून टाकलं.

आळी रांगेने पुढे झाली. ज्यांनी सरदाराला हयातभर दगड मारले होते, त्यांनीही हात जोडले आणि ‘लई गुणाचा हुता’ म्हणून मान हलवली. हैबतराव तसबिरीशेजारी छाती काढून उभे राहिले आणि एकेकाचं सांत्वन स्वीकारत गेले.