अठरा नंबरची तळटीप

शीलाताई गेली हे मला कळवणारा फोन ग्यानबाचा होता. ज्याने तिचं मनगट मोडलं, त्याच ग्यानबाचा. "बाई गेली... तुमी या," एवढंच बोलला. महिना होत आला, पण मला अजून तिचा रागच येतो.

ताई माझी थोरली बहीण, राजूरच्या शाळेत शिकवायची. कापूस मातीमोल झाला त्या वर्षांत बाजारात प्रतवारीवरून भांडण पेटलं. लोक बैलगाड्यांच्या उभाऱ्या, म्हणजे कडेचे उभे दांडके, उपसून एकमेकांवर तुटून पडले, एकाचं डोकं फुटलं आणि तो मेला. पाहणाऱ्यांकडून ऐकून ताईने त्यावर पुस्तक लिहिलं. मजकुरात हकीकत, नावं खाली तळटिपांत. वणीत माझा छापखाना, म्हणून छापणारा मी. शेवटच्या दिवशी एक बाई रडत आली, "माही साक्ष काढा, घरचे मले जित्ती ठेवत नाहीत." ताईने ती टीप काढली. कॉम्प्युटरने खालच्या सगळ्या टिपा एकेक नंबर वर सरकवल्या. पण मजकुरातलं 'डोकं फोडणारा : पाहा टीप १८' ताईने हाताने टाइप केलेलं, ते जागचं हललं नाही. मारणारा सतरावर गेला आणि अठरावर आला ग्यानबा, ज्याने त्या जखमीला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं.

पुस्तक गावात पोचलं आणि मेलेल्याच्या भावांनी ग्यानबाला पारावर धरून तुडवलं, दात पाडले. दुसऱ्या दिवशी तो उभारी घेऊन ताईच्या घरात घुसला. मी तिथेच होतो. त्याने कॉम्प्युटरचा चेंदामेंदा केला, ताईने हात आडवा घातला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी त्याचं नरडं धरलं.

"सोड त्याले, विजू."

"काहून सोडू?"

"त्यानं मले एकडाव मारलं. म्या त्याले छापून मारेकरी केलं."

पोलिसात गेली नाही. मी तर तिच्याशी बोलणंच सोडलं होतं... तिला काय फरक पडतो! नवा कॉम्प्युटर आणला, डाव्या हाताने एकेक आकडा खोडला, आणि तिथे टिपेलाच जोडलेला संदर्भ घातला, म्हणजे टीप सरकली की आकडाही सरकावा. मात्र त्यासाठी सगळा मजकूर निवडून एफ-नाइन दाबावं लागतं. ती दाबायची नाही, हाणायची, वर एक शिवी. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ग्यानबाला सोबत घेऊन घरोघर फिरली, जुन्या प्रती मागून पारावर जाळल्या. मेलेल्याच्या भावाने पुस्तक तिच्या तोंडावर फेकून मारलं, ओठ फुटला. तिने नवी प्रत पुढे केली, "आता हे वाच," म्हणाली. तेव्हापासून ग्यानबा तिच्याकडे येऊन-जाऊन असायचा.

परवा तिसऱ्या आवृत्तीसाठी मी तिच्या खोलीत बसलो. पहिल्या पानावर तिच्या नावाला टीप जोडली : लेखिका आता हयात नाही. ग्यानबा मागे उभा होता.

"वर टीप घातली... माहा नंबर हालला असन नं?"

सगळं निवडलं. तिच्या कीबोर्डवर एफ-नाइनची अक्षरं झिजून गेली आहेत, बटण चाचपून दाबलं. मजकुरातला सतरा गेला, अठरा आला. टिपांतही मारणारा अठरावर, ग्यानबा एकोणीसवर. तिने पहिल्यांदा लावले होते तसेच.

"अजून एकडाव दाबा," ग्यानबा म्हणाला.

मी दाबलं.